परिचारिकेची परीक्षा आणि आपले कर्तव्य

(श्री संत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त चांदूर रेल्वे येथे ज्ञातिबांधवांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्यतिथीच्या दिवशी संतचरित्रावर बोलावे, हा आपला परिपाठ आहे. त्या विषयाचे अधिकारी वक्ते सकाळी बोलून गेले. आम्हांस 'समाजातील शिक्षण' हा विषय देण्यात आला आहे. हा विषय समुद्रासारखा आहे. आम्ही त्यातील ओंजळभर पाणी घेणार आहो. आपल्या समाजातील ज्या मुली परिचारिकेच्या परीक्षेस बसतात, त्यांची तयारी कशी व्हावी आणि त्या कामी आपण काय करावे, एवढेच आजचे बोलणे. आम्ही वैद्यकाचे जाणकार नाही. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेत मुलांस शिकविले, एवढीच आमची विद्या. पण या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती या मंडपात सांगितल्यावाचून आमच्या मनास स्वस्थता नाही.

प्रथम ही परीक्षा कोणती ते सांगतो. खेड्यातील उपकेंद्रावर जी 'नर्सबाई' आपण पाहतो, ती बहुधा सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली 'एएनएम' होय. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलीस हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. सामाजिक आरोग्य, आहार व स्वच्छता, प्राथमिक उपचार, बालआरोग्य, प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राची व्यवस्था हे तिचे विषय. लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षांत तिला स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. एकीतले अधिक गुण दुसरीत चालत नाहीत. उत्तीर्ण झाल्यावरही काम संपत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या पटावर नाव चढावे लागते, तेव्हाच ती परवानाधारक परिचारिका होते. आपला विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. नोंदणीचे निरनिराळे कायदे एकत्र करून साऱ्या राज्यास एकच कायदा १९६६ साली मिळाला. हा पट म्हणजे केवळ कागद नव्हे. 'या बाईच्या हाती तुमचे लेकरू द्यावयास हरकत नाही', असे सरकारने लोकांस दिलेले ते वचन आहे.

हे वचन देण्याजोग्या स्त्रिया आपल्या देशात सहज निर्माण झाल्या नाहीत. अमरावतीचे स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी 'डफरीन' आहे. ते नाव लेडी डफरीन यांचे. स्त्रियांस स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी, म्हणून त्यांनी १८८५ साली निधी उभारला. पुढे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन काढले, आणि तेथील स्त्रियांस ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले. परक्याच्या अंगास हात लावणे, रात्रपाळी करणे, मलमूत्र काढणे, हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे तेव्हाचे लोक म्हणत. आज तसे उघड कोणी म्हणत नाही. पण सोयरीक ठरविताना 'मुलगी नर्स आहे, रात्रीची ड्यूटी असते' हे वाक्य आवाज उतरवून बोलले जाते, हे आपण सारे जाणतो. आपल्याच जिल्ह्यात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवनात कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या. त्यांच्या नावापुढे आपण हात जोडतो, आणि तेच काम आपली लेक करू लागली की मान खाली घालतो. ही विसंगती आपणांस शोभत नाही.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी समाजातील एका गरीब कारागिराची मुलगी या अभ्यासक्रमास लागली. मंडळाने तिला शिष्यवृत्ती दिली. ती सुटीत गावी आली की वडील तिला आमच्याकडे पाठवीत. आम्ही जुन्या वळणाचे मास्तर. संभाव्य प्रश्न काढले, प्रत्येकाचे उत्तर 'व्याख्या, कारणे, लक्षणे, उपचार' अशा चार मथळ्यांत लिहून दिले आणि घोकून घेतले. मुलगी हुशार, महिनाभरात सारे तोंडपाठ झाले. लेखी परीक्षेत तिने चांगले गुण मिळविले, आणि बालआरोग्याच्या प्रात्यक्षिकात ती अनुत्तीर्ण झाली.

काय झाले ते तिच्याच तोंडून ऐकले. परीक्षकबाईंनी तिच्यापुढे एक आई आणि तिच्या मांडीवरचे दहा महिन्यांचे लेकरू बसविले. लेकरू रडत होते. बाई म्हणाल्या, "याचा श्वास मोज." आमच्या विद्यार्थिनीने न्युमोनियाची व्याख्या म्हणावयास आरंभ केला. बाईंनी पुन्हा तेच सांगितले. तेव्हा तिने घाबरून रडत्या लेकराच्या छातीवर हात ठेवला, पंधरा सेकंद मोजले आणि चारांनी गुणले. वास्तविक तिने प्रथम आईस लेकरू शांत करावयास सांगावयाचे, अंगरखा वर करून छाती-पोटाची हालचाल पाहावयाची, आणि सेकंदकाट्याच्या घड्याळावर पुरते एक मिनिट मोजावयाचे. दोन महिन्यांच्या आतील बालकाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरला, तर तो जलद समजतात. हे आकडे तिला पाठ होते! आकडा पाठ होता, पण मोजणारा हात तयार नव्हता. तो आम्ही तयार केला नव्हता.

बंधूंनो, आम्ही शिंप्याच्या घरी जन्मलो. आमच्या वडिलांनी आम्हांस काजाची व्याख्या कधी सांगितली नाही. बोटात अंगुस्तान घातले, चिंधी हाती दिली आणि म्हणाले, "घाल काज." शंभर चिंध्या वाया गेल्या, तेव्हा एक काज गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर घालू दिला. कापडास कात्री लावण्यापूर्वी माप दोनदा घ्यावयाचे, हेही त्यांनी बोलून नव्हे, करून दाखविले. ज्या समाजाची सारी विद्या हातात आहे, त्या समाजातील मास्तराने हाताच्या परीक्षेसाठी मुलीस केवळ पोपटपंची शिकवावी, याहून लाजेची गोष्ट ती कोणती?

अनुत्तीर्ण झाल्यावर ती मुलगी पुढच्या परीक्षेची वाट पाहत घरी बसली. आम्ही वही मिटविली. समाजातील एका सेवानिवृत्त परिचारिकाबाईंकडे गेलो आणि आपली चूक कबूल केली. त्यांनी संध्याकाळी दोन तास दिले. घरातील प्रत्येक माणूस रुग्ण झाला. आजीचा रक्तदाब रोज घ्यावयाचा. आधी पाच मिनिटे तिला स्वस्थ बसवावयाचे. शेजारच्या लेकरांचा श्वास मोजावयाचा. हात साबणाने धुवावयाचे, तेही चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि नखे न विसरता. जलसंजीवनीची एक पुडी एक लिटर पाण्यात कालवून दाखवावयाची, आणि ते पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावयाचे, हे आईस तिच्या भाषेत समजावयाचे. लस दोन ते आठ अंश तापमानात का ठेवावयाची, वापरलेली सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यातच का टाकावयाची, हे तोंडाने बोलत हाताने करावयाचे. सुई टोचण्यासारखी जोखमीची कामे मात्र घरी मुळीच नाहीत. ती रुग्णालयात, शिक्षिकेच्या देखरेखीखालीच करावयाची, असा बाईंचा सक्त नियम होता.

आणखी एक गोष्ट त्या बाईंनी आमच्या ध्यानी आणून दिली. पुस्तकातील संज्ञा इंग्रजी किंवा संस्कृत वळणाच्या असतात; रुग्ण मात्र वऱ्हाडीत बोलतो. 'लेकराचं पोट उडून रायलं', 'मले गरगर होते', 'अंग कसकस करते', असे म्हणत माय उपकेंद्रावर येते. 'पोट उडते' म्हणजे श्वास जलद चालला आहे, हे ज्या मुलीस उमगले तिने अर्धा पाठ केला. म्हणून त्यांनी एका वहीत डावीकडे गावचा शब्द आणि उजवीकडे पुस्तकातील शब्द, असा कोश तिच्याकडून लिहवून घेतला. आम्ही इतकी वर्षे मराठी शिकविली; पण असा उपयोगी कोश आमच्या हातून झाला नाही.

जगातही हाच अनुभव आहे. अमेरिकेत 'प्रॅक्टिकल नर्स' नावाच्या परिचारिकेस परवान्यासाठी संगणकावर परीक्षा द्यावी लागते. तिच्यात ८५ ते १५० प्रश्न आणि पाच तासांचा अवधी असतो. उमेदवाराच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न अवघड वा सोपे होत जातात. तेथेही व्याख्या फारशी विचारीत नाहीत. चार रुग्ण समोर आहेत, आधी कोणाकडे जाल, असे विचारतात. तात्पर्य, परीक्षा कागदावर असो की खाटेपाशी, ती निर्णयाची असते. आपल्याकडे सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा दंडक आहे. मेळघाटातील एखाद्या पाड्यावर रात्री लेकराचे पोट उडू लागले, तर तेथे डॉक्टर नसतो, पुस्तक नसते. एकटी परिचारिका असते.

ती मुलगी पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तिची नोंदणी झाली आणि आज ती एका उपकेंद्रावर काम करीत आहे. पण ही गोष्ट येथे गोड करून संपविता येत नाही. ती अनुत्तीर्ण झाली त्याच महिन्यात आपल्या मंडळाने तिची शिष्यवृत्ती बंद केली. नियमच तसा आहे: एकदा अनुत्तीर्ण, की मदत बंद. तिच्या वडिलांनी दुकानातील पिको-फॉलचे यंत्र विकून वसतिगृहाचे आणि परीक्षेचे पैसे भरले. ते यंत्र पुन्हा आले नाही. शिष्यवृत्ती बंद करण्याच्या ठरावावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत आमचीही सही आहे. शिकविण्यात चूक आमची, आणि दंड त्या मुलीच्या बापास! हा न्याय आम्हांस आजही टोचतो.

शिंप्याच्या दुकानात उमेदवाराची शिवण वाकडी गेली, तर त्यास कोणी हाकलून देत नाही. 'उसव आणि पुन्हा घाल', एवढेच म्हणतात. मग मंडळाचा नियम दुकानाच्या नियमाहून कठोर का असावा? म्हणून आमची नम्र सूचना अशी की, व्यवसाय-परीक्षेत प्रथम अनुत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थिनीची मदत पुढच्या परीक्षेपर्यंत चालू ठेवावी, आणि नोंदणीचा खर्चही तीतच धरावा. दुसरी सूचना, मंडळाच्या सभागृहातील एक खोली संध्याकाळी दोन तास या मुलींसाठी मोकळी ठेवावी. तेथे एक मेज, रक्तदाबाचे यंत्र, तापमापक, वजनकाटा, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि बाळाएवढी एक कापडी बाहुली असावी. बाहुली आपल्याच भगिनी शिवतील. त्यासाठी वर्गणी नको. तिसरी, समाजातील सेवानिवृत्त परिचारिकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. चौथी विनंती आईबापांस आहे: परीक्षेच्या आधीचे दोन महिने मुलीस सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी आणि नात्यातील लग्नकार्ये यांतून सूट द्या, आणि तिचा अभ्यासक्रम पुरा होऊन नाव पटावर चढेपर्यंत तिच्या सोयरिकीची घाई करू नका.

मुलींनो, तुम्हांस एकच सांगणे आहे. पाठांतर करा, त्यास कमी लेखू नका. पण प्रत्येक पाठ केलेल्या ओळीमागे 'हे मी हाताने केले आहे काय?' असे विचारा. उत्तर 'नाही' आले, तर ती ओळ अजून कच्च्या दोऱ्यावर आहे असे समजा.

अध्यक्ष महोदय, पहिली सूचना आजच्या सर्वसाधारण सभेपुढे ठरावरूपाने मांडण्याची परवानगी असावी. तीस कोणी अनुमोदन दिले, तर जुन्या ठरावावरील आमच्या सहीचे काही अंशी तरी क्षालन होईल. 

॥ जय हरी विठ्ठल ॥