साल्हेरच्या पायथ्याशी
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)

मंडळींनो, साल्हेर आपल्याला तसा जवळचा. डांग ओलांडला की बागलाण. उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. दसऱ्यानंतर आम्ही पाच जण, बरोबर दोन मुले, ऑफिस सुटल्यावरच निघालो. साहजिकच वाघांबे गावाजवळ पोचेतो मध्यरात्र. तंबू कुठे लावायचा, हे ठरलेच नव्हते. डोंगराखाली जागेला काय तोटा!

बॅटरीच्या उजेडात ओढ्याकाठी सपाट वाळू दिसली. एक खडा नाही. तंबू उभे राहिले, मुले झोपलीसुद्धा. आमच्यातले तिघे सिव्हिलचे डिप्लोमावाले, नाल्यांचे नकाशे काढण्याचा पगार घेणारे. ही वाळू इथे कोणी आणून पसरली, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

उजेड पाहून गावातले एक बाबा आले. म्हणाले, "साहेब, पोरांना उठवा. वर वीज चमकते आहे." रागावले नाहीत. स्वतःच्या खळ्यात त्यांनी जागा दिली. पहाटे पाहिले, तर त्या वाळूवरून गुडघाभर गढूळ पाणी चालले होते. आमच्याकडे थेंबही पडला नव्हता.

आता आम्ही दिवस असतानाच पोचतो, आणि आधी गावात विचारतो.

बाबांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. सुरतेहून आलो म्हटल्यावर हसले. "आमची माणसं दिवाळीनंतर तिकडंच येतात, बारडोलीकडं, ऊसतोडीला. शेताकडेला पालं ठोकून राहतात."

तिथे त्यांना खळे कोण देते, हे विचारायचे आमच्या ओठांवर आले होते. विचारले नाही.