ध्रुवप्रदेशांतील शर्मिष्ठा



उत्तर ध्रुवाभोंवतालच्या भूमींत वृक्ष नाहींत, हें आपण शाळेंत शिकलों. पण तेवढ्यावरून तेथें फूलझाडाचें नांवच नसावें अशी जी समजूत आपण करून घेतली, ती खरी नव्हे. ग्रीनलंड, एल्स्मिअर बेट, स्वालबार्ड या प्रदेशांत वीतभर उंचीचें एक झुडूप आढळतें. तें बारा महिने हिरवें असतें, आणि उन्हाळ्यांत बर्फ वितळल्यावर त्याला नाजूक देंठांवर लोंबणाऱ्या शुभ्र घंटा येतात. कॅसिओपी टेट्रागोना हें त्याचें शास्त्रीय नांव.

या नांवाची कथा मोठी गमतीची आहे. १७३२ सालीं लिनीअस हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लॅपलंडांत हिंडत होता. दलदलींत पाय बुडवून उभें असलेलें गुलाबी फुलांचें एक झुडूप पाहून त्याला समुद्रांतील खडकाला जखडलेली ग्रीक पुराणांतील राजकन्या अँड्रोमेडा आठवली. भोंवतालचे बेडूक म्हणजे तिला छळणारे राक्षस! तेंच नांव त्यानें त्या झुडपाला दिलें, आणि पुढें आपलें पांढऱ्या घंटांचें झुडूपही त्याच घरांत घातलें. १८३४ सालीं डेव्हिड डॉन या स्कॉटिश शास्त्रज्ञानें त्याचें बिऱ्हाड वेगळें करून त्याला अँड्रोमेडेच्या आईचें नांव दिलें. आकाशांतील याच दोन नांवांच्या तारकासमूहांना आपण देवयानी व शर्मिष्ठा म्हणतों. ग्रीकांच्या मायलेकी आपल्या पुराणांत सवती झाल्या आहेत! असो. झुडपाला मराठी नांव नाहीं. आजच्यापुरतें त्याला शर्मिष्ठा म्हणूं. तिची एक बहीण हिमालयांत, गढवाल-कुमाऊंच्या उंच उतारांवर, तशाच पांढऱ्या घंटा लेवून असते.

शर्मिष्ठेचीं पानें म्हणजे तांदळाच्या कणीएवढे खवले. ते चार ओळींत इतके दाट बसलेले असतात कीं, फांदी चौकोनी विणलेल्या दोरीसारखी दिसते. उन्हाळा अवघ्या कांहीं आठवड्यांचा; थंडीमुळें पाचोळा कुजत नाहीं, म्हणून जमीनही निकस. अशा ठिकाणीं दरवर्षीं नवीं पानें घालण्याची चैन परवडत नाहीं. जुनींच पानें सांभाळून वापरावीं लागतात. हिवाळ्यांत कोरड्या वाऱ्यापासून तीं वांचतात तीं बर्फाच्या दुलईमुळें. जेथें वारा बर्फ उडवून नेतो, त्या उघड्या माथ्यावर शर्मिष्ठा सहसा दिसत नाहीं.

आतां तिच्या खऱ्या वैशिष्ट्याकडे वळूं. उन्हाळ्याच्या आरंभीं फुटलेलीं पानें आंखूड, भर उन्हाळ्यांतलीं लांब, आणि अखेरचीं पुन्हां आंखूड, असा क्रम दरवर्षीं फांदीवर उमटतो. वाळलेलीं पानेंही गळून न जातां वर्षानुवर्षें तेथेंच राहतात. त्यामुळें फांदीवर एकेका वर्षाची एकेक लाट मोजतां येते; ऊबदार उन्हाळ्याची लाट लांब, गारठ्याच्या उन्हाळ्याची आंखूड. एल्स्मिअर बेटावरील युरेका हें हवामानकेंद्र निघालें १९४७ सालीं. त्यापूर्वींच्या उन्हाळ्यांची नोंद ठेवायला तेथें माणूस नव्हता, वर्षवलयें मोजायला वृक्षही नव्हता. होतें तें हें झुडूप. त्याच्या फांद्या भिंगाखालीं मोजून शास्त्रज्ञांनीं शतकभर मागच्या उन्हाळ्यांचा अंदाज बांधला आहे. इन्युइट लोकांना त्याचा निराळा उपयोग फार पूर्वींपासून ठाऊक होता: तें ओलें असतांही पेट घेतें, म्हणून सरपण नसलेल्या त्या मुलखांत त्यांच्या चुली त्यावर पेटत.

ध्रुवप्रदेश आज पृथ्वीच्या इतर भागांहून अधिक वेगानें तापत आहे. ऊब वाढली म्हणजे शर्मिष्ठेचें बरेंच होईल, असें कोणासही वाटेल; आणि उन्हाळ्यापुरतें तें कांहीं अंशीं खरेंही आहे. धोका आहे तो हिवाळ्यांत. भर थंडींत मध्येंच पाऊस पडतो, बर्फांत मुरतो, आणि लगेच गोठून झुडपांवर कांचेसारखा कठीण थर बसतो. मऊ दुलईच्या जागीं असा चिलखती थर आला म्हणजे काय होतें, हें पाहण्यासाठीं स्वालबार्डमध्यें शास्त्रज्ञांनीं मुद्दाम पाणी ओतून तसा थर बसविला. जगलेल्या फांद्यांची वाढ थोडी अधिक झाली खरी. परंतु मेलेल्या फांद्यांची संख्या वाढली, आणि पुढच्या उन्हाळ्यांत घंटा थोड्याच लागल्या.