शेण कोण कालवणार?

(आर्वी येथील कुटुंब मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आर्वीत येऊन गवळाऊ गाईचे कौतुक करणे म्हणजे देहूत जाऊन अभंगाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. ते धाडस मी करणार नाही. आजचा विषय स्वयंपाकघराचा आणि पैशाचा आहे. सिलिंडरला निर्मळ पर्याय आहे काय, आणि असल्यास त्याचे मोल कोण मोजणार?

प्रथम सिलिंडरला त्याचे श्रेय देऊ. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि धुराने डोळे गमावत बसलेल्या असंख्य भगिनींची त्यातून सुटका झाली. त्याची हेटाळणी करणाऱ्याने एकदा आषाढात ओल्या पऱ्हाट्यांची चूल फुंकून पाहावी. परंतु देशात वापरल्या जाणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून, मुख्यतः आखाती देशांतून जहाजाने येतो. त्यामुळे आपल्या भाकरीचा भाव समुद्रापार ठरतो. ही चिंता केवळ आपली नाही. हॉलंडने १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसची जोडणी देणे सामान्यतः बंद केले; आता युरोपभर घरे गॅसवाचून ऊबदार ठेवण्याचा खर्च कोणी उचलायचा, यावर वाद चालू आहेत.

वर्धा जिल्ह्याला तर हा विचार नवा नाहीच. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी गावाच्या अर्थकारणाचा हिशेब शेण, माती आणि सरपण यांच्यापासून मांडला. त्याच्याही आधी, १८९७ साली, मुंबईत माटुंग्याच्या महारोगी वसाहतीत मैल्यापासून गॅस काढून वापरला गेला होता. मग सव्वाशे वर्षांनंतरही गोबरगॅस घरोघरी का नाही?

हिशेब पाहा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण आणि जवळजवळ तितकेच पाणी लागते. त्यातून पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. महिन्याकाठी पावणेदोन सिलिंडरइतकी उष्णता मिळते. मोठे जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते, म्हणजे पाच जनावरे हवीत. पण ती गोठ्यात बांधलेली हवीत! आपली गवळाऊ दिवसभर रानात चरते. तिचे निम्मे शेण रानातच राहते. पाच गाई आहेत म्हणून टाकी बांधली आणि गॅस अपुरा पडला, याचे कारण बहुधा हेच असते. पौषाच्या थंडीत तर गॅस आणखी उतरतो.

बांधकामाच्या खर्चाला शासनाचा हातभार असतो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण गटासाठी १४,३५० रुपये ठरले होते. पण खरा खर्च पावतीवर दिसत नाही. माझ्या थोरल्या भावाच्या घरी लोखंडी टोपाचे संयंत्र होते. आम्ही पुरुष मंडळी पाहुण्यांना ते अभिमानाने दाखवीत असू. पहाटे शेण गोळा करणे, त्यातील काडीकचरा वेचणे, पाणी घालून कोपरापर्यंत हात बुडवून ते कालवणे, हे सारे वहिनींकडे होते. पुढे ट्रॅक्टर आला, बैल विकले, टोपाला दरवर्षी रंग देणे राहिले आणि तो गंजला. काही वर्षांनी मी नवे संयंत्र बांधण्याचा विषय काढला तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, शेण कोण कालवणार ते आधी ठरवा, मग खड्डा खणा." पत्रकार असूनही मला उत्तर सुचले नाही. गोमातेचा जयजयकार करणारे आपण. रोज पन्नास किलो शेण कालवायला आपल्यापैकी किती जण उभे राहतील?

तरीही ज्याच्याकडे गोठा आणि हाताखाली माणूस आहे, त्याने हा विचार सोडू नये. गॅसइतकेच मोल बाहेर पडणाऱ्या मळीला आहे. आपल्या कपाशीला आणि संत्र्याच्या बागांना ते खत घरचे मिळते. खताची बचत हिशेबात धरली नाही तर संयंत्र तोट्याचे दिसते, आणि बहुतेक जण ती धरतच नाहीत.

आर्वी शहरात राहणाऱ्यांनी काय करावे? पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्या अन्नावर चालणारे लहान संयंत्र विकसित केले. २००६ साली त्याला अ‍ॅशडेन पुरस्कारही लाभला. पण चौघांच्या घरातले खरकटे दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला पुरत नाही, आणि पुरावे अशी इच्छाही कोणी गृहिणी करणार नाही.

म्हणून विजेची शेगडी. एका सिलिंडरचे काम करायला तिला साधारण सव्वाशे ते दीडशे युनिट लागतात. येथे एक मेख आहे. महावितरणचा शंभर युनिटपर्यंतचा दर वेगळा आणि त्यापुढचा बराच चढा. शेगडीची युनिट आधीच्या वापरावर चढतात, म्हणजे महाग टप्प्यात मोजली जातात. आपले वीजदेयक आणि सिलिंडरची पावती शेजारी ठेवा आणि गुणाकार करा. अनेकांना सिलिंडरच स्वस्त पडेल. छतावर सौर पट्ट्या असतील तर चित्र पालटते. एक किलोवॅटची यंत्रणा महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट देते, म्हणजे जवळपास एका सिलिंडरचे काम. २०२४ च्या सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठेवले गेले. मात्र वरची रक्कम आपल्याला उभी करावी लागते आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याला छतच नसते. वीज गेली की शेगडी थंड. तेव्हा एक भरलेला सिलिंडर घरात असू द्यावा. त्यात कसलाही तत्त्वभंग नाही.

गोठेवाल्यांना एक विनंती. अर्ज भरण्यापूर्वी घरी तराजू आणा आणि आठ दिवस गोठ्यातले शेण मोजा. त्या आठही दिवशी ते घरातल्या कर्त्या पुरुषाने उचलावे. आकडा वहीत लिहा आणि आठव्या दिवशी ती वही घरातील गृहिणीच्या हाती द्या. टाकी बांधायची की नाही, ते तिला ठरवू द्या.