मुलांचा दमा : बरं वाटलं तरी पंप चालू ठेवा



थंडी सुरू झाली की आमच्या बचत गटाच्या कर्जवहीत एक कारण पुन्हा पुन्हा येतं : 'मुलाचं आजारपण'. विचारलं की कळतं, पोराला रात्री धाप लागली, गाडी करून तालुक्याला नेलं, मशीनची वाफ दिली, बरं वाटलं. महिन्याभरानं पुन्हा तेच. म्हणून आज आपण मुलांच्या दम्याबद्दल बोलू.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. धूर, धूळ, सर्दी, थंड हवा यांनी नळ्या आवळतात, चिकट कफ साठतो, छातीत शिट्टी वाजते. धाप थांबली की आपल्याला वाटतं, दमा गेला. पण राखेखाली निखारा राहावा तशी सूज आत राहते. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस त्रास होत असेल, किंवा महिन्यात दोन-तीनदा खोकल्यानं झोप मोडत असेल, तर मुलाला बहुतेक रोजच्या औषधाची गरज आहे. डॉक्टरांना दाखवा.

पंप दोन प्रकारचे असतात. सालब्युटामॉलचा पंप आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत मोकळ्या करतो. तो त्रास झाल्यावर घ्यायचा. ब्युडेसोनाइडसारखा दुसरा पंप सूज उतरवतो. तो रोज घ्यायचा, मूल खेळत-बागडत असलं तरी. त्याचा गुण हळूहळू येतो, म्हणून आपल्या मनानं बंद करायचा नाही. दोन्ही पंपांवर वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधा, म्हणजे आजीचाही गोंधळ होणार नाही.

बैठकीत बाया विचारतात, पंपाची सवय लागते का? नाही लागत. स्टेरॉइड असतं ना? असतं, पण मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजायचं, आणि ते थेट श्वासनळीत जातं. उंचीवर थोडासा परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर कमीत कमी मात्रा ठेवतात. वरचेवर धाप लागणं त्याहून वाईट. आणि तिसरा प्रश्न हळू आवाजात येतो : पोरीच्या हातात पंप दिसला तर लग्न कसं जमणार? मैत्रिणींनो, पंप लपवता येईल, धाप लपत नाही. औषध नीट घेणारी पोर शाळेत धावते, शेतात काम करते. औषधाविना ठेवलेल्या पोरीच्या जिवाला धोका असतो.

पंप स्पेसर लावूनच द्या, नाहीतर बरंच औषध घशातच राहतं. पंप हलवा, स्पेसरला जोडा, एकदा दाबा, मुलाला पाच-सहा सावकाश श्वास घेऊ द्या. लहान मुलाला मास्क लावा. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा, आतून पुसू नका, तसाच वाळू द्या.

घरातला धूर कमी करा. चूल पेटवताना, मशेरी भाजताना मूल जवळ नको. बिडी घराबाहेर. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी. मळणीच्या वेळी मुलाला खळ्यापासून लांब ठेवा.

मूल एका दमात वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, ओठ निळसर झाले असतील, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत मुलाला बसतं ठेवा आणि सालब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून एकेक करून चार ते सहा वेळा द्या.

गटांना आमचं एक सांगणं आहे. रात्रीच्या गाडीसाठी आपण कर्ज देतोच. स्पेसर आणि रोजच्या पंपासाठीही द्या. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एकच विचारा : कुणाच्या मुलाचा पंप बंद पडलाय, आणि का? पैसे नव्हते म्हणून बंद असेल तर त्यावर गटाकडे उपाय आहे. भीतीमुळे बंद असेल, तर आशाताईंना बोलवा आणि त्या बाईला सोबत घेऊन दवाखान्यात जा.