दुपार मुलाच्या नावावर

बालरोगतज्ज्ञ बोलायला बसल्या की आता औषधांची यादी येणार, असं श्रोत्यांना वाटतं. ती यादी तुमच्या डॉक्टरांकडे आहे. व्हिसा, विमा, विमान उतरताना बाळाला पाजायला घेणं, उलटीचं औषध हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालते. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ती मी एकाच गोष्टीवर खर्च करणार आहे. ती म्हणजे दुपार. उन्हाळ्यात युरोपला निघालात आणि बरोबर पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल, तर रोजची दुपार त्याच्या नावावर करून टाका.

माझ्याकडे आई-बाबा येतात ते सहलीचा छापील कार्यक्रम घेऊनच. मुलगी-जावई जर्मनीत, त्यांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणून आजी-आजोबा, धाकटा मुलगा, सून आणि तीन वर्षांचं नातवंड असा सगळा गोतावळा तेव्हाच जमतो आणि इटलीला निघतो. कार्यक्रम मी वाचते. सकाळी साडेअकरा व्हॅटिकन, दीड वाजता जेवण, अडीच वाजता कलोसियम, साडेचारला पुढचा चौक. मी विचारते, बाळ झोपणार केव्हा? बाबा म्हणतात, स्ट्रोलरमध्ये झोपेल की. आणि वर ऐकवतात, "डॉक्टर, आम्ही मूळचे नागपूरचे. पंचेचाळीस बघितलेत. रोमच्या छत्तिसाचं काय घेऊन बसलात!"

आता मला सांगा, नागपूरला मे महिन्यात दुपारी अडीच वाजता तीन वर्षांच्या पोराला घेऊन तुम्ही सीताबर्डीत चार तास पायी हिंडता का? दारं लावलेली असतात, कूलर चालू असतो, पन्ह्याचा पेला हातात असतो आणि मूल फरशीवर आडवं पडलेलं असतं. पंचेचाळीस अंश तुम्ही घरात बसून काढलेत. नागपूरकराला उन्हाची सवय असते म्हणजे उन्हात न जाण्याची सवय असते. आणि तोच माणूस युरोपात उतरला की त्याच्या डोक्यात युरोचा गुणाकार सुरू होतो. एका दिवसाचे एवढे हजार, मग दुपारी खोलीवर बसायचं? बसायचं. तेच सांगायला मी आले आहे.

कारण सोपं आहे. गॅसवर एक लहान पातेलं ठेवा आणि एक मोठा टोप ठेवा. दोन्हींत दूध, खाली आच सारखी. आधी उतू कुठलं जाईल? लहान मूल म्हणजे ते लहान पातेलं. वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे बाहेरची उष्णता ते चटकन ओढून घेतं. मोठ्यांच्या मानानं त्याला घाम कमी येतो, म्हणजे ती उष्णता बाहेर टाकायची सोयही अपुरी. आणि ते धावतं, उड्या मारतं, त्यामुळे आतूनही आच असतेच. तुम्ही मोठा टोप. तुम्हाला "थोडं उकडतंय" एवढंच जाणवतं, तेव्हा शेजारचं पातेलं काठापर्यंत आलेलं असतं. म्हणून स्वतःच्या अंगावरून मुलाचा अंदाज बांधू नका. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण ऐकताना सगळे मान डोलावतात आणि तिथे गेल्यावर विसरतात.

त्या पातेल्यावर झाकण ठेवलं तर? दूध आणखी लवकर वर येतं. स्ट्रोलरवर ऊन लागू नये म्हणून आपण सुती ओढणी किंवा दुपटं चारी बाजूंनी सोडतो ना, ते हे झाकण. आतली हवा कोंडते आणि तापत जाते. सावली हवी, पण हवाही खेळती हवी. छत्री लावा, टप वर करा, पुढची बाजू उघडी ठेवा. आणखी एक. तुमचं डोकं जमिनीपासून पाच फुटांवर आहे, स्ट्रोलरमधल्या मुलाचं दीड-दोन फुटांवर. रोमचे जुने रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे. दुपारी त्या दगडांवर तळवा टेकवून बघा. त्या तापलेल्या दगडाला तुमच्यापेक्षा मूल जास्त जवळ असतं.

बरं, दुपार म्हणजे किती ते किती? इथे बरेच जण फसतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईत सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमाराला. युरोपात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं आणि काही देश मुळातच आपल्या रेखांशाच्या मानानं पुढची वेळ लावतात. त्यामुळे रोमला सूर्य माथ्यावर येतो सव्वाच्या आसपास, पॅरिसला दोनला थोडा वेळ असताना आणि माद्रिदला सव्वादोन वाजून गेल्यावर. म्हणजे पॅरिसमध्ये घड्याळात चार वाजले म्हणून "ऊन उतरलं, चला" असं म्हणून बाहेर पडाल, तर ती खरी भर दुपार असते. दिवसाचं सगळ्यात चढं तापमान तिथे पाच-सहाच्या सुमारालाही असू शकतं. पॅरिसनं 25 जुलै 2019 रोजी 42.6 अंश पाहिलेत. म्हणून माझा हिशेब असा: रोमला बारा ते पाच, पॅरिस-माद्रिदला बारा ते सहा मूल घरात. अथेन्सचं अक्रोपोलिस तर उष्णतेच्या लाटेत सरकारच दुपारचं बंद ठेवतं. जुलै 2023 मध्ये ठेवलं, जून 2024 मध्ये ठेवलं. आणि पुण्याच्या एक ते चारवर आपण किती विनोद केले! दक्षिण इटलीतल्या लहान गावांत दुपारी जाऊन बघा, शटर खाली असतात. ती माणसं आळशी नाहीत.

"मग बघायचं कधी?" हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्या मुलाच्या अंगातच आहे. उन्हाळ्यात रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पुण्यात सातला उठणारं मूल तिथे पहाटे साडेतीनला टक्क जागं होतं. आई-बाबा वैतागतात, मोबाइल हातात देऊन त्याला गादीवर दाबून ठेवतात. अहो, वैतागता कशाला? हे उलट वरदान आहे. त्याला दूध द्या, चार वाजता खोलीतच खेळू द्या आणि सहाला बाहेर पडा. जूनमध्ये सहाच्या आधीच उजाडलेलं असतं. पिआझ्झा नव्होनाचे कारंजे, त्रेव्हीचा कारंजा, पँथिऑनसमोरचा चौक हे सगळं तेव्हा गार असतं, मोकळं असतं आणि मूल मनसोक्त पळू शकतं. तिकिटाची एखादी जागा उघडल्या उघडल्या करा. साडेअकराला परत. आपल्याकडे दोनला झोपणाऱ्या मुलाचे डोळे तिथे साडेदहा-अकरालाच मिटायला लागलेले असतात. झोपू द्या, उठवू नका. मग संध्याकाळ आहेच. जूनअखेरीस रोमला पावणेनऊला आणि पॅरिसला दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. एवढी लांबलचक संध्याकाळ हाताशी असताना दुपारी अडीचचं कलोसियम कशाला हवंय?

खोलीबद्दल बोलायला हवं. जुन्या घरांतून पंखा नसतो, एसी असेलच असं नाही. बुकिंग करताना आधी ते विचारा, नाश्त्याचं नंतर. आणि खोलीत गेल्यावर आपण पहिलं काय करतो? "वारा येऊ दे" म्हणून खिडक्या सताड उघडतो. बाहेर छत्तीस अंश असताना आत येणारा वाराही छत्तीसचाच. समोरच्या घरातल्या आजीबाईंकडे बघा. सकाळी नऊलाच त्यांनी लाकडी झडपा ओढून घेतलेल्या असतात, खोलीत अंधार केलेला असतो आणि रात्री गार झाल्यावर त्या सगळं उघडतात. त्यांच्यासारखं करा. मुलाचं अंग ओल्या पंचानं पुसा, चड्डीवर लोळू द्या.

पाणी. रोमच्या रस्त्यांत लोखंडी खांबासारखे नळ आहेत, नासोनी म्हणतात त्यांना, वाकडी तोटी नाकासारखी दिसते म्हणून. 1874 पासून ते तिथे आहेत, शहरात अडीच हजारांच्या घरात असतील, आणि त्यांचं पाणी पिण्याचं आहे, फुकट आहे, गारही असतं. बाटलीवर पैसे घालवू नका. मुलाला त्याची युक्ती दाखवा: तोटीच्या टोकाला बोट दाबून धरलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते आणि वाकून थेट तोंड लावता येतं. एकदा हे जमलं की "पाणी पी, पाणी पी" म्हणत मागे लागावं लागत नाही. ते प्रत्येक नळाशी थांबतं, निम्मं पितं, निम्मं अंगावर घेतं. घेऊ द्या. कपडे दहा मिनिटांत वाळतात आणि तोवर अंग गार होतं. पॅरिसमध्ये रिचर्ड वॉलेस यांनी 1872 मध्ये दिलेले हिरवे कारंजे आहेत, त्यांचंही पाणी प्यायचं. ताक हवं तर तिथल्या दुकानात साधं, बिनसाखरेचं दही मिळतं. बाटलीत दही, पाणी, मीठ घालायचं आणि हलवायचं. जिरेपूड घरून न्या.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी नको, कितीही उकडत असलं तरी. अंगावरचं दूध पुन्हा पुन्हा द्या. ओआरएसची पाकिटं बरोबर असू द्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजणारे लोक मी पाहिलेत. त्यानं भलतंच होतं.

आता परत पातेल्याकडे येते, कारण मुख्य गोष्ट राहिली आहे. दूध उतू जाण्याआधी ओरडत नाही. मूलही तसंच. उन्हात आधी ते किरकिरतं, चालत नाही, कडेवर घे म्हणतं. आई-बाबा रागावतात. मग अर्ध्या तासानं ते गप्प होतं. आणि आपण म्हणतो, बघा, कसं शहाण्यासारखं बसलंय! त्या क्षणी घाबरा. किरकिरणारं मूल एकदम मलूल होणं, हाक मारली तर उशिरा बघणं, रडताना डोळ्यांत पाणी नसणं, सहा तासांत शू न होणं, तान्ह्या बाळाची टाळू खोल दिसणं, यातलं काहीही दिसलं की पुढचं ठिकाण रद्द. सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी घाला, पंखा, कागद, जे हाताशी असेल त्यानं वारा घाला. पूर्ण शुद्धीवर असेल तरच घोट घोट पाजा. अंग भाजतंय आणि मूल गुंगीत आहे, बरळतंय, तर तो उष्माघात समजा. तापाचं औषध देऊन वाट बघत बसू नका. त्या औषधानं हा ताप उतरत नाही. युरोपभर 112 हा एकच क्रमांक आहे, आपल्याकडेही तोच. फोन करा आणि मदत येईपर्यंत पाणी घालत राहा.

स्टुडिओच्या काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत. म्हणजे दोनच मिनिटं. आजी-आजोबांबद्दल बरंच बोलायचं होतं. ऑगस्ट 2003 च्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसं दगावली, त्यांतली बहुतेक वयस्कर होती. म्हणजे दुपारी मुलाबरोबर आजीही खोलीवर थांबली तर दोघांचंही... असो, तो वेगळा विषय आहे. दुबईला जाणाऱ्यांना एवढंच सांगते: 15 जून ते 15 सप्टेंबर तिथे साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी आहे. धट्ट्याकट्ट्या बांधकाम मजुरांना तेव्हा सावलीत बसवतात आणि आपण दोन वर्षांच्या मुलाला घेऊन फोटो काढायला निघतो. भाड्याच्या गाडीत मुलाला "मी पटकन येते" म्हणून ठेवून जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढतं.

आणि एक शेवटचं. सहल कंपनीबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा, दुपारी बस हॉटेलवर येते का. नाही म्हणाले तर आम्ही दोघं मुलाला घेऊन दुपारी परत येऊ, असं तेव्हाच सांगून ठेवा. टॅक्सीचे पैसे धरून चला. ज्यांचं बुकिंग झालंय त्यांनी आज रात्री जेवणं झाली की तो छापील कागद काढा आणि बारा ते पाच-सहावर पेनानं आडवी रेघ मारा. आजोबा कुरकुरले तर माझं नाव सांगा.