करडईची पानं, मोसंबी आणि बुरशीचं चीज

गेल्या भागात सर्व्हर पडल्याची रडकथा झाली, आज कोड बंद, थेट स्वयंपाकघरात.

दिवाळीला जालन्याला घरी गेलो, तेव्हा पुण्याहून बर्फाच्या पिशवीत गुंडाळून ब्लू चीजचा छोटा तुकडा नेला होता. दुसऱ्या दिवशी आईनं फ्रीज उघडला. "अरे, ह्याला तर बुरशी आलीय! पैसे देऊन आणलंस का हे?"

हो ना, आणि पैसे बुरशीचेच होते. पेनिसिलियम रोकफोर्टी नावाची ही बुरशी चीजमध्ये मुद्दाम घालतात. मग चीजला सुयांनी भोकं पाडतात, कारण तिला वाढायला हवा लागते. त्या भोकांच्या वाटेनं निळ्या-हिरव्या रेघा पसरतात. फ्रान्सचं रोकफोर्ट मेंढीच्या दुधाचं, इटलीचं गोर्गोन्झोला गायीच्या. म्हणून घरच्या पनीरवर निळं दिसलं तर खायचं नाही हां, ते फेकायचंच. आणि शाकाहारी असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या. जुन्या पद्धतीत दूध फाडायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या वाटीत हे चीज घालू नका.

आता सॅलड. व्हिडिओत लेट्यूस, नाशपाती आणि अक्रोड होते. आमच्याकडे त्या दिवशी काय होतं? अण्णा शेतातून करडई विरळून आले होते. दाट उगवलेली रोपं उपटतात ना, त्यांची कोवळी पानं. मराठवाड्यात त्याचा घोळाणा करतात: कच्ची पानं, कांदा, दाण्याचा कूट, तिखट, मीठ, वरून तेल. म्हणजे ग्रीन सॅलड आम्ही आधीपासूनच खातोय, फक्त त्याला तसं म्हणत नाही.

फळ मात्र मोसंबी घेतली, आणि इथे जरा अडचण होती. आमची मोसंबीची बाग होती. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळल्या, त्यात आमचीही. अण्णांनी टँकरनं पाणी घालून पाहिलं, शेवटी झाडं तोडली. मी तेव्हा शाळेत होतो. तेव्हापासून अण्णांनी विकतची मोसंबी घरात आणली नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्या घरात मोसंबी नाही! मी गपचूप चार आणली होती.

कृती सोपी आहे. पानं धुवून फडक्यावर कोरडी करा, अगदी कोरडी. ओल्या पानाला तेल चिकटत नाही. मूठभर शेंगदाणे भाजून भरड कुटा, कूट नको, दाताखाली यायला हवेत. दोन चमचे मोसंबीचा रस, तीन चमचे करडईचं तेल, अर्धा चमचा मध, मिरपूड, हे फेटून घ्या. मीठ जपून, चीजच खूप खारट असतं. आणि ही फोडणी, सॉरी, ड्रेसिंग, अगदी वाढताना घाला. आधी घातलं की मिठानं पानांचं पाणी सुटतं आणि सगळं मलूल होतं.

मी मोसंबीच्या फोडी तशाच टाकायला निघालो होतो. अण्णा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "साल काढून टाकलीस तरी कडूच लागंल. पांढरं पांढरं काढ सगळं." मग स्वतःच खाली बसले, सुरी घेतली, एकेक फोड पडद्यातून मोकळी केली. एक फोड वास घेऊन तोंडात टाकली. "आंबे बहाराची हाय. शेवटची तोड असंल."

वाटीभर पानांवर फोडी, दाणे, आणि वरून अंगठ्याएवढं चीज चुरून. कडू पान, आंबट-गोड फळ, खारट चीज. प्रत्येक घास वेगळा लागतो. आईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "बुरशी काढली तर चांगलंय."

अण्णांनी चीज ताटाच्या कडेला सारलं. मोसंबी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि मान खाली घालूनच विचारलं, "काय भाव लावली रे?"

मी सांगितला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बांधावर चार रोपं लावायला हवीत."

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्याकडे घोळाण्यात काय घालतात, तेवढं व्हॉइस नोटवर पाठवा.