कारवानी कुत्र्याचे संगोपन
दख्खनच्या माळरानावरचा कारवानी कुत्रा नजरेने सावज हेरतो. त्याच्या संकरित पिलांतही हा गुण उतरतो. घरच्यांशी मायाळू, परक्यांपुढे बुजरा असलेला हा प्राणी पळते जनावर दिसताच हाकेला जुमानत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. अशा परिसरात त्यास मोकाट सोडणे म्हणजे पाडसांच्या जिवाशी खेळणे होय. म्हणून त्यास रोज दोरीने धरून भरपूर फिरवावे. बंदिस्त आवारात मनसोक्त धावू द्यावे. अंगावर केस व चरबी कमी असल्याने थंडीत गोणपाटाचे अंथरूण घालावे. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. मारझोडीने तो भेदरतो, मायेने शिकतो. धावणे ही त्याची गरज आहे. तिला वळण लावणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे.